बसायची जागा आधी, स्पीकर नंतर

घरात गाणं नीट ऐकता यावं, एवढीच इच्छा होती. ते काम २०२४ च्या दसऱ्याला सुरू झालं आणि २०२५ च्या गुढीपाडव्याच्या तोंडावर कुठं संपलं. आम्ही अंबाजोगाईला राहतो. पुण्या-मुंबईत दुकानात बसून चार जोड्या ऐकायच्या, आवडेल ती उचलायची, हे जमतं. इकडं ते सोपं नाही. बीड, परभणी, लातूर, हिंगोलीकडं कुणाला पॉवर्ड बुकशेल्फ (फळीवर मावतील एवढे छोटे) स्पीकर घ्यायचे असतील तर त्यांची धावपळ थोडी कमी व्हावी, म्हणून जसं घडलं तसं लिहिते.

मी शाळेत शिकवते, थोडंफार गाणं शिकलेली आहे. घरी सासूबाई आहेत. त्यांना भजन आणि पखवाज म्हणजे जीव की प्राण. आमच्याच तालुक्यातल्या आपेगावचे शंकरबापू आपेगावकर १९८६ चे पद्मश्री, त्यामुळं इथं पखवाज ऐकणारे कान घरोघरी सापडतात. आणि हे सगळं आम्ही मोबाइलच्या स्पीकरवर ऐकत होतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावून जो खोल आवाज काढतात, तो मोबाइलवर जवळजवळ येतच नाही. नुसती उजवी बाजू टकटक करत राहते.

पॉवर्ड म्हणजे अँप्लिफायर स्पीकरच्या पोटातच असतो. वेगळा डबा लागत नाही, मोबाइल नाहीतर टीव्ही थेट जोडता येतो. बहुतेक स्वस्त जोड्यांत एकाच स्पीकरमध्ये अँप्लिफायर असतो, आणि दुसऱ्याला तिथून साधी वायर जाते. अ‍ॅक्टिव्ह हा शब्द दुकानदार याच अर्थानं वापरतात. खऱ्या अ‍ॅक्टिव्ह स्पीकरमध्ये मात्र वूफर (खालच्या सुरांचा) आणि ट्विटर (वरच्या सुरांचा) यांना वेगवेगळा अँप्लिफायर असतो, आणि आवाजाची वाटणी त्याच्या आधीच होते. स्टुडिओत वापरतात ते मॉनिटर बहुधा या जातीचे. घरच्यासाठी मला दोन्ही चालणार होते. एडिफायर, ऑडिओइंजिन, प्रीसोनस, जेबीएल अशी नावं वाचून वाचून डोकं भणाणलं, तेव्हा नावं बाजूला ठेवली आणि आपल्याला काय ऐकायचंय तेच कागदावर लिहून काढलं.

याचा फार उपयोग झाला. पुरुष गायकाचा षड्ज, म्हणजे सा, हार्मोनियमच्या काळी एकवर धरला तर तो १३८.६ हर्ट्झ (सेकंदाला तेवढी कंपनं). तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ च्या आसपास. बायकांचा काळी चार धरला तर खर्ज १०४ वर येतो. म्हणजे जो स्पीकर ६० हर्ट्झपर्यंत इमानानं उतरतो, त्यात आपलं बहुतेक गाणं मावतं. त्याखाली जे आहे ते मुख्यतः सिनेमातले स्फोट आणि डीजेचा धक्का, त्याची मला गरज नव्हती. चार ते पाच इंची वूफर पुरे, सबवूफर (नुसत्या खोल आवाजाचा वेगळा डबा) नको, हे इथंच ठरलं. पुढं जाहिराती वाचताना डोकं शांत राहिलं.

वॅटचंही तसंच. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. दहा बाय बाराच्या खोलीत ४० वॅट आरएमएस (सतत देता येणारी ताकद) भरपूर होतात. खोक्यावर पीएमपीओ म्हणून हजारांत फुगवलेला आकडा छापलेला असेल तर तो बघूच नका, फक्त आरएमएस विचारा.

दसऱ्याच्या पुढच्या आठवड्यात लातूरला गेले, गंजगोलाईच्या आसपासची दुकानं पाहिली. तिथं मिरवणुकीचे बॉक्स, टीव्हीखाली ठेवायचे साउंडबार आणि दिव्यांचे टॉवर स्पीकर होते. एका दुकानदारानं प्रामाणिकपणे सांगितलं, "ताई, तुमी म्हणता तसलं इथं कुणी मागत नाही. टॉवर घ्या, गल्ली हालंल." माणूस चांगला होता, चहा पाजला. पण मला गल्ली हलवायची नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत मग लालपरीनं बीडमार्गे छत्रपती संभाजीनगर. बायकांना अर्धं तिकीट असल्यानं प्रवास परवडतो. निराला बाजाराच्या बाजूला दोन ठिकाणी जोड्या लावून ऐकायला मिळाल्या. जाण्याआधी फोन करून "ऐकवाल का" हे विचारून घ्या, खोकंबंद माल दाखवणारीच दुकानं जास्त आहेत. मी तीन ध्वनिमुद्रणं घेऊन गेले होते. एक नुसता तंबोरा, एक पखवाज आणि एक बाईचं गाणं, ज्यात डावीकडं हार्मोनियम आणि उजवीकडं तबला आहे. दुकानदार स्वतःचं चकचकीत गाणं लावून देतात, त्यावर सगळंच छान वाजतं. दोन जोड्यांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा करून मागा. जरा मोठी वाजणारी जोडी कानाला नेहमीच चांगली वाटते, तिथंच फसगत होते. मोबाइलवर डेसिबल मोजायचं फुकटचं अ‍ॅप चालतं, तुलनेपुरतं पुरेसं आहे.

पखवाजावर फरक लगेच कळला. एका महाग जोडीत डाव्या हाताचा प्रत्येक ठोका एकाच सुरात 'धूम' येत होता. वादक तळहात सरकवून आवाज चढवतो-उतरवतो, ती मींड दिसतच नव्हती. दुसऱ्या, स्वस्त जोडीत आवाज थोडा कमी खोल होता, पण ठोका कुठं सुरू झाला आणि कुठं सरकत गेला हे कळत होतं. मी दुसरी ठरवली. चार इंची वूफर, दोन्ही मिळून ४० च्या वर थोडे वॅट, ब्लूटूथ, आरसीए (लाल-पांढऱ्या पिनांची जोडणी) आणि ऑप्टिकल (उजेडाच्या वायरीची). किंमत साडेचौदा हजार.

दुकानात पाहिजे तो रंग नव्हता आणि घरपोच मिळत नव्हतं, म्हणून ८ नोव्हेंबरला ऑनलाइन मागवली. पुढच्या आठवड्यात खोकं आलं, उघडतानाचा व्हिडिओ नवऱ्यानं काढून ठेवला. जोडलं तर डावा स्पीकर मुका.

त्या क्षणी पोटात खड्डा पडला. एवढे पैसे, आणि गावात दुरुस्तीला कुणी नाही. पण आधी शांतपणे तपासायचं. मागच्या लाल-पांढऱ्या पिना अदलाबदल केल्या. तरी मुका होता तोच मुका राहिला, म्हणजे मोबाइल आणि त्याची वायर निर्दोष. मग दोन स्पीकरमधली वायर काढली, टोकं सोलून पुन्हा घट्ट बसवली. तरीही नाही. म्हणजे बिघाड स्पीकरात किंवा त्याच्या अँप्लिफायरच्या त्या बाजूला. हे दोन प्रयोग तक्रारीत ओळीनं लिहिले, त्यामुळं "वायर नीट लावा" असं सांगणारे फोन वाचले.

परतीची मुदत सात दिवसांची होती. अ‍ॅपवर तक्रार टाकली, क्रमांक मिळाला. घ्यायला येणारा माणूस दोनदा "पत्ता सापडला नाही" असा शेरा मारून गेला, मुदत संपत आली. तेव्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल केला. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणं विक्रीच्या प्रत्येक संकेतस्थळाला हा अधिकारी नेमावाच लागतो, त्याचं नाव-संपर्क तिथं दिलेला असतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात, असा नियम आहे. मेलमध्ये बिल क्रमांक, स्पीकरच्या मागचा सिरियल क्रमांक, व्हिडिओ आणि दोन्ही प्रयोग लिहिले. पोच दुसऱ्याच दिवशी आली. दाद मिळाली नसती तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक लिहून ठेवला होता, लागला नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बदली जोडी आली, दोन्ही बाजू ठणठणीत.

यावरून दोन गोष्टी सांगते. थर्माकोलसकट मूळ खोकं मुदत संपेपर्यंत फेकू नका, त्याशिवाय परत घेत नाहीत. आणि जीएसटीचं बिल स्वतःच्या नावावर आलंय का, त्यावरचा सिरियल क्रमांक जुळतो का, हे पहिल्याच दिवशी बघा. वॉरंटी त्यावरच चालते.

आता खरं काम, ते म्हणजे जागा. सासूबाई म्हणाल्या, फडताळात ठेवून दे, जागा अडायची नाही. सासरच्या गावी माळवदाचं घर आहे. जाड भिंती, वर सरे आणि माती. त्या घरात टाळी वाजवली तर ती लगेच विरते. इथली आमची खोली स्लॅबची, खाली गुळगुळीत फरशी, उंची दहा फूट. टाळी वाजवली की भिंतीभिंतीत टणटण करत राहते. फडताळात स्पीकर ठेवले तर तीन बाजूंच्या फळ्या आणि मागची भिंत खालचे सूर फुगवतात, आणि कोपरा जवळ असला तर ते आणखी वाढतं. ठेवून बघितलं. तबल्याचा डग्गा घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा आला. सासूबाईंनीच मान हलवली.

मग ठरवलं, आधी आम्ही दोघी कुठं बसणार ते पक्कं करायचं आणि स्पीकर त्याप्रमाणं लावायचे. मी जमिनीवर गादी टाकून बसते. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या बुटक्या खुर्चीवर बसतात. जे मार्गदर्शन वाचायला मिळतं ते सगळं सोफ्यावर बसणाऱ्यांसाठी लिहिलेलं असतं. ट्विटर कानाच्या उंचीला हवा, हे तत्त्व बरोबर आहे, कारण कान खूप वर किंवा खूप खाली गेला तर वूफर आणि ट्विटरचा आवाज कानाशी मागेपुढे पोचतो आणि मधले काही सूर एकमेकांना खातात. पण त्यांच्या स्टँडची उंची आपल्याला लागू नाही. टेप घेऊन मोजलं. गादीवर माझा कान जमिनीपासून ३० इंच, खुर्चीवर सासूबाईंचा ४०. ट्विटर ३३ इंचांवर आणायचा आणि स्पीकर किंचित मागं कलवायचे, असं ठरलं. स्पीकरच्या तळापासून ट्विटर ७ इंच वर, म्हणजे स्टँड २६ इंचांचं.

खोली दहा बाय बारा. आखूड भिंतीला स्पीकर लावून लांबीच्या दिशेनं वाजवायचे. भिंतीभिंतीत सूर घुमतो, तो कोणता हे काढता येतं. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीनं भागायचं. बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर, तर ४७ हर्ट्झ, आणि त्याची दुप्पट ९४. दहा फुटांना ५६, आणि आमची रुंदी-उंची सारखीच असल्यानं हा सूर दोन्हीकडून येतो. मोबाइलवर एकच सूर वाजवणारं अ‍ॅप असतं. आवाज बेताचा ठेवून ५६ लावलं आणि खोलीत हळूहळू चालले. कोपऱ्यात छातीत घुमतं, मधे येताना तोच सूर विरतो. एकदा हे कानानं अनुभवलं की जागेचं महत्त्व कुणी समजावून सांगावं लागत नाही.

पहिल्यांदा पुस्तकी पद्धतीनं समभुज त्रिकोण केला. स्पीकर एकमेकांपासून सहा फूट, मागच्या भिंतीपासून दोन फूट आणि बाजूच्या भिंतींपासूनही दोनच फूट. दिसायला सुरेख. पण पुरुष गायकाचा षड्ज पातळ येत होता, वरचे सूर भरदार आणि नेमका सा पोकळ. कारण हिशेबात सापडलं. भिंतीवर आपटून परत येणारा आवाज मूळ आवाजाच्या नेमका उलटा पडतो, तो सूर ठरतो अंतराच्या चौपटीवरून. दोन फूट म्हणजे ०.६१ मीटर, त्याची चौपट २.४४, आणि ३४३ ला तिनं भागलं की १४१ हर्ट्झ. काळी एकचा सा १३८.६! दोन्ही भिंती सारख्याच अंतरावर, म्हणजे दोन्हीकडून त्याच सुरावर घाव. (हे अंतर स्पीकरच्या पाठीपासून नाही, वूफरच्या तोंडापासून मोजायचं.)

तेव्हा अंतरं वेगवेगळी केली. वूफरचं तोंड मागच्या भिंतीपासून सव्वा फुटावर आणलं, पाठीमागं वीतभर मोकळी जागा राहिली. आमच्या स्पीकरचं हवेचं भोक मागं आहे, त्याला श्वास घ्यायला तेवढी पुरते. बाजूच्या भिंती सव्वादोन फुटांवर, म्हणजे दोन स्पीकरमध्ये साडेपाच फूट. भिंत जवळ आल्यानं खालचा आवाज थोडा वाढला, तो मागच्या बेसच्या बटणानं एक घर उतरवला. षड्ज भरून आला. मी तो तंबोरा बराच वेळ नुसता ऐकत बसले.

बसायची जागाही सरकली. समभुज त्रिकोण धरला तर गादी खोलीच्या बरोबर मध्यावर येत होती, आणि तिथं ४७ गायब होतो, ९४ फुगतो. म्हणून आमच्या पाठीमागच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर गादी आणली. स्पीकर ते कान अंतर पावणेसात फुटांच्या आसपास झालं, त्रिकोण जरा लांबट, चालतंय. भिंतीला टेकून मात्र बसू नका, तिथं सगळा बेस गोळा होतो.

आम्ही दोघी शेजारी बसतो, मधोमध कुणीच नाही, ही दुसरी अडचण. जो स्पीकर जवळ तोच ऐकू येतो. यावर उपाय छान आहे. स्पीकर आतल्या बाजूला जास्त वळवायचे, इतके की त्यांच्या नजरा आमच्या थोडं पुढंच एकमेकींना छेदतील. मग डावीकडं बसलेल्याकडं उजवा स्पीकर सरळ बघतो आणि जवळचा जरा तिरका पडतो. वजन जुळून येतं. सासूबाई ऐकता ऐकता म्हणाल्या, "माय, तबलेवाला त्या तिकडं बसलाय व्हय. कळायलंय की आता." मला त्यांचं ते वाक्य सगळ्या मोजमापापेक्षा मोठं वाटलं.

टणटण घालवायला खर्च आला नाही. नवरा आरसा घेऊन बाजूच्या भिंतीला टेकवत पुढं सरकला, मी गादीवरून बघत होते. आरशात स्पीकर दिसला त्या जागी खूण केली, कारण तिथूनच आवाज आपटून कानाशी येतो. एका खुणेवर आजेसासूबाईंच्या हातची जाड गोधडी दुहेरी करून टांगली, दुसऱ्या बाजूला खिडकी आहे तिथं जाड पडदा. स्पीकर आणि गादीच्या मधे सतरंजी. टाळी आता मोकळी होऊन थांबते.

स्टँड वेल्डिंगच्या दुकानात करून घेतले. "एवढं बुटकं? टीव्हीच्या बराबरीनं करू का, ताई?" असं त्यांनी दोनदा विचारलं. चौकोनी पाइप, खाली रुंद पत्रा, पाइपात वाळू भरून तोंड बंद. वाळूमुळं पाइप वाजत नाही. वर रबराचे तुकडे, पुढच्या बाजूला जरा जाड, म्हणजे स्पीकर मागं कलतो. दोन्ही मिळून १,६००, रंग आमचा आम्ही दिला. संक्रांतीच्या आत मिळाले.

टीव्ही जोडल्यावर 'हम्म' असा आवाज सुरू झाला. डिशची केबल काढली की बंद, लावली की चालू. दोन वेगळ्या वाटांनी जमिनीशी जोडलं गेलं की असं होतं. टीव्ही ते स्पीकर ऑप्टिकल वायर घेतली, साडेतीनशेची. तिच्यातून उजेड जातो, वीज नाही, त्यामुळं गुणगुण तिथंच तुटते. वायर लावून आवाजच येत नसेल तर घाबरू नका, टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाज 'पीसीएम'वर करा. डॉल्बीवर असला तर असे बरेच स्पीकर गप्प बसतात.

मार्चमध्ये उन्हं चढली तशी दुसरी गुणगुण आली. लॅपटॉप चार्जिंगला लावून गाणं लावलं की सुरू, आणि लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला तर झिणझिण्या. इलेक्ट्रिशियन भाऊंनी फेज आणि अर्थिंगमध्ये टेस्टचा बल्ब लावला, तो मिणमिणता लागला. "ताई, खड्डा कोरडाठाक पडलाय. ओलच नाही तर अर्थिंग धरंल कशाला?" आमच्याकडं उन्हाळ्यात जमीन भेगाळते, अर्थिंगचा रोधही वाढतो. चार्जरमधून झिरपणारी बारीकशी वीज मग जमिनीत न जाता पत्र्यावर आणि वायरीत राहते. त्यांनी खड्डा उकरला, गंजलेला जोड बदलला, कोळसा-मीठ भरलं, पाणी सोडलं. ९०० रुपये. पाडव्याच्या आदल्या दिवशी, २९ मार्चला बल्ब लख्ख लागला, झिणझिण्या गेल्या, गुणगुण कान लावला तरच कळेल एवढी उरली. आता आठवड्याला बादलीभर पाणी त्या खड्ड्यात जातं, भांडी विसळलेलं चालतं. गाण्याचं सोडा, जिवाच्या सुरक्षिततेसाठी हे प्रत्येकानं बघावं.

राहिला इन्व्हर्टर. आमचा जुना, चौकोनी लहरींचा आहे. लाइट गेल्यावर पंखा घुरघुरतो आणि स्पीकरही. उपाय एकच, सायन वेव्हचा, म्हणजे गुळगुळीत लहरींचा इन्व्हर्टर. तो बॅटरी बदलायच्या वेळी घेऊ. तोवर लाइट गेली की स्पीकरचं बटण बंद करतो.

प्रवास धरून सगळा खर्च अठरा-साडेअठरा हजारांत बसला. यात जोडीची किंमत सोडली तर स्टँड, अर्थिंग, वायर, रबर आणि प्रवास एवढंच. माझ्या मते, वीस हजार हातात असतील तर पंधराच स्पीकरवर घाला, बाकी स्टँड आणि वायरिंगसाठी राखून ठेवा. आणि मागवायच्या आधी, ज्या खोलीत ऐकणार तिथं गादी टाकून, टेप घेऊन, कान जमिनीपासून किती इंचांवर येतो ते लिहून ठेवा.